एक लिटर तेल म्हणजे एक किलो तेल नव्हे

अमळनेरला घरून डबे पुरवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. आईकडून आलेले शेवभाजीच्या रश्श्याचे प्रमाण त्यांच्याकडे दहा माणसांसाठी वाट्यांमध्ये लिहिलेले आहे, आणि त्यात तेल दोन वाट्या आहे. शंभर माणसांची ऑर्डर आली तेव्हा त्यांनी डिजिटल वजनकाटा आणला, एक वाटी म्हणजे दीडशे मिलिलिटर धरून तीन लिटर तेलाचा हिशोब काढला, आणि लिटरला किलो या समजुतीने तीन किलो तेल ओतले. रश्श्यावर तेलाचा जाड थर आला. त्याच पंगतीच्या लिंबाच्या सरबताला दोन लिटर साखरेच्या पाकाऐवजी दोन किलो पाक घातला, तर सरबत फिके झाले. एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी असे का झाले, आणि प्रत्येक पातळ पदार्थ लिटरला किती ग्रॅम भरतो याचा तक्ता मिळेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे जळगाव, भुसावळ आणि यावल भागात लग्नकार्यांच्या स्वयंपाकाची कामे घेतो. आकडे पुढे देतोच. पण त्याआधी हे सांगणे भाग आहे की, ताईंच्या रश्श्याचे गणित केवळ लिटर-किलोच्या घोळाने बिघडलेले नाही. शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल लिटरला सुमारे 910 ग्रॅम भरते. म्हणजे तीन किलो तेल हे साधारण 3.3 लिटर झाले. शंभर माणसांच्या पातेल्यात तीनशे मिलिलिटर तेल जास्त पडले तर खाणाऱ्याला ते जाणवेल, पण त्याने थर डोळ्यात भरेल इतका जाड होत नाही. त्यामागे आणखी दोन कारणे असावीत, असा माझा अंदाज आहे.

पहिले कारण म्हणजे वाटी. दीडशे मिलिलिटरची वाटी हा आकडा ताईंनी कुठून घेतला ते त्यांनी लिहिलेले नाही, पण बहुधा तो स्वतःच्या घरातल्या वाटीचा किंवा पुस्तकातला असावा. आईंच्या पिढीतल्या जेवणाच्या ताटातली वाटी पुष्कळदा शंभर ते एकशेवीस मिलिलिटरचीच असते. ती एकशेदहाची होती असे धरले, तर वीस वाट्या म्हणजे 2.2 लिटर, आणि वजनात सांगायचे तर दोन किलो. म्हणजे ताईंनी दोन किलोच्या जागी तीन किलो तेल घातले, आणि त्या जास्तीच्या एका किलोतला जेमतेम पाव किलोचा वाटा लिटर-किलोच्या चुकीचा आहे. उरलेला सगळा वाटीचा आहे.

दुसरे कारण पातेल्याच्या तोंडाचे आहे, आणि ते फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. दहा माणसांचा रस्सा चोवीस सेंटिमीटर रुंद पातेल्यात होतो, शंभर माणसांचा बावन्न सेंटिमीटरच्या पातेल्यात. रस्सा दहापट झाला, पण वरचा पृष्ठभाग पाचपटही होत नाही. प्रमाण अगदी तंतोतंत दहापट ठेवले, तरी वर आलेली तर्री दुप्पट जाड दिसणारच, कारण दहापट तेलाला पसरायला जागा पाचपटसुद्धा मिळालेली नाही. वाढताना तळापर्यंत पळी घालून ढवळून वाढले तर प्रत्येक वाटीत तेल पूर्वीइतकेच जाते. वरवर वाढत गेले तर पहिल्या पंगतीला तेल आणि शेवटच्या पंगतीला पाणी असा प्रकार होतो.

सरबताचे मात्र सरळ आहे. तिथे चूक पूर्णपणे लिटर-किलोची आहे. जाड पाक लिटरला तेराशे ग्रॅम किंवा त्याहून जास्त भरतो. दोन लिटर म्हणजे 2.6 किलो पाक हवा होता, पडला दोन किलो. जवळजवळ पाव हिस्सा गोडी कमी झाली, तर सरबत फिके लागणारच.

आता आकडे. पाणी लिटरला एक किलो, आणि आपल्या कामापुरते ते कोणत्याही ऋतूत एक किलोच धरावे. दूध 1,030 ग्रॅम. गाईचे किंचित कमी, म्हशीचे किंचित जास्त. दूध संकलन केंद्रावर ज्यांनी लॅक्टोमीटर पाहिला असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको, कारण त्यावरचे 28 किंवा 30 हे वाचन म्हणजेच लिटरमागे हजार ग्रॅमवर किती ग्रॅम, हा आकडा असतो. लिंबाचा रस दुधासारखाच 1,030 च्या आसपास, व्हिनेगर जवळजवळ पाण्याइतके. शेंगदाणा, सोयाबीन आणि सूर्यफूल ही तेले 910 ते 920 ग्रॅम, वितळलेले तूप 900 ते 910. मध 1,400 च्या आसपास, काकवी तिच्या दाटपणाप्रमाणे 1,350 ते 1,400. चिंचेचा कोळ, टोमॅटोचा रस आणि पाक यांना एक आकडा देता येत नाही, कारण त्यांत पाणी किती आहे ते करणाऱ्याच्या हातावर असते. पाकाबाबत तर मी लिटर हा शब्दच वापरत नाही. एक किलो साखर एक लिटर पाण्यात विरघळवली तर दोन किलो पाक होतो, पण तो दोन लिटर भरत नाही, सव्वासोळाशे मिलिलिटर भरतो. आणि चुलीवर उकळत राहिला तर दर पाच मिनिटांनी हा हिशोब बदलतो. म्हणून पाक लिहायचा तो साखर किती किलो आणि पाणी किती किलो असा लिहावा, आणि तयार पातेल्याचे वजन किती उतरल्यावर गॅस बंद करायचा ते लिहावे.

तेलाच्या आकड्याला तापमानाची एक अट आहे. 2022 साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने खाद्यतेल उत्पादकांना सांगितले की, पाकिटावर लिटर लिहिताना तापमानाचा उल्लेख करू नये आणि वजनही लिहावे. कारण काही पाकिटांवर साठ अंशांपर्यंतचे तापमान छापले जात होते. एक लिटर सोयाबीन तेल 21 अंशांना 919 ग्रॅम, 30 अंशांना 913, 40 अंशांना 906 आणि 60 अंशांना 893 ग्रॅमच्या आसपास भरते, असे आकडे त्या वेळी दिले गेले होते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला डबा चाळीस अंशांच्या पुढे सहज जातो आणि धुळ्याकडे डिसेंबरच्या पहाटे तेच तेल दहा अंशांवर येते. म्हणजे दोन ऋतूंत एकाच मापात दोन टक्क्यांच्या वर फरक पडतो. रश्श्याला दोन टक्क्यांनी काही होत नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण वर्षभराच्या तेलाचा हिशोब मापाने ठेवणाऱ्याला ते दोन टक्के खर्चाच्या वहीत दिसतात, आणि वजनाने ठेवणाऱ्याला दिसत नाहीत.

तळणीत मात्र हीच गोष्ट अंगावर येते. दहा लिटर तेल गार असताना कढईत घातले आणि पुऱ्यांच्या तापापर्यंत नेले की ते सुमारे एका लिटरने फुगते. त्यात पुऱ्या पडल्या की तेल आणखी वर चढते. नवा पोरगा कढई काठाच्या चार बोटे खालपर्यंत भरतो आणि पुरेशी जागा ठेवली असे समजतो. तेव्हा त्याला थांबवून निम्मे तेल काढायला लावणे हे माझे प्रत्येक हंगामातले काम आहे.

माझी स्वतःची मोठी चूक खरेदीत झाली. यावलजवळच्या एका लग्नात पुऱ्या, भजी आणि भाजी मिळून मी सहा डबे तेल लागेल असा अंदाज बांधला होता. माझ्या डोक्यात डबा म्हणजे पंधरा किलो. दुकानात भाव कमी दिसला म्हणून आनंदाने सहा डबे उचलले. डब्यावर 15 लिटर असे स्पष्ट छापलेले होते. मी वाचले नाही, दुकानदाराचा त्यात काही दोष नव्हता. पंधरा लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडे वर असते. दर डब्यामागे 1.35 किलो, सहा डब्यांत आठ किलोच्या वर तूट आली. शेवटच्या पंगतीच्या पुऱ्यांना तेल कमी पडले आणि मोटारसायकलवर माणूस फैजपूरला पाठवावा लागला. तेव्हापासून मी भाव नेहमी किलोवर आणून बघतो: डब्याची किंमत भागिले त्यावर छापलेले निव्वळ वजन. पाकिटांनाही हेच लागू आहे. एक लिटरचे पाकीट आणि एक किलोचे पाकीट शेजारी लटकलेले असतात, पण त्यांत नव्वद ग्रॅमचा फरक असतो.

आता ताईंनी मागितलेल्या तक्त्याबद्दल. दुसऱ्याचा तक्ता भिंतीवर लावण्यापेक्षा स्वतःच्या भांड्यांचा तक्ता करावा, आणि त्याला अर्धा तास लागतो. आईंची ती मूळ वाटी मिळवावी. काट्यावर रिकामी, कोरडी वाटी ठेवून आकडा शून्य करावा, नेहमी भरतो तितके पाणी भरावे आणि वजन लिहावे. समजा 112 ग्रॅम आले; म्हणजे ती वाटी 112 मिलिलिटरची आहे, मग तळाशी काहीही छापलेले असो. ती पुसून कोरडी करून तेवढ्याच खुणेपर्यंत तेल भरावे, समजा 102 ग्रॅम आले. या दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की त्या तेलाचा गुणक मिळतो, तो इथे 0.91 आहे. या पद्धतीची खुबी अशी की, वाटी नेमकी किती मिलिलिटरची हे आधी माहीत असण्याची गरजच पडत नाही. काकवी, चिंचेचा घट्ट कोळ, घरचे ताक, ज्यांचा आकडा कोणत्याही पुस्तकात आपल्यासारखा मिळणार नाही, त्यांनाही हीच रीत चालते.

प्रत्येक पदार्थ तीनदा भरून तीनदा वजन करावे, असे मी मुद्दाम सांगतो, कारण तेव्हाच कळते की आपला हात किती हलतो. आठ सेंटिमीटर तोंडाची वाटी घ्या. तिच्यात तेल काठापासून तीन मिलिमीटर खाली राहिले तर पंधरा मिलिलिटर तेल कमी पडते. दीडशेच्या वाटीत पंधरा म्हणजे दहा टक्के. पाणी आणि तेल यांच्या वजनातला फरक नऊ टक्के आहे. म्हणजे आपण ज्या गुणकासाठी इतकी चर्चा करतो, त्याहून मोठी चूक केवळ वाटी डोळ्यांच्या रेषेत न धरल्याने होते. उंच, अरुंद मापात ही चूक कमी होते, म्हणून दूधवाल्याचे माप उंच आणि अरुंद असते.

माझ्याबरोबर काम करणारे एक म्हातारे आचारी होते. मी काटा आणला तेव्हा ते हसून अहिराणीत म्हणाले होते, "माप हातमा शे." मी एकदा गंमत म्हणून त्यांच्या पळीखाली काटा ठेवला. सलग दहा पळ्या तेल त्यांनी घातले आणि फरक दोन-तीन ग्रॅमच्या पलीकडे गेला नाही. त्यांचे खरेच होते. पण त्यांचा हात त्यांच्याबरोबरच गावी गेला, आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसाला मी देऊ शकलो तो वहीतला आकडाच होता.

तुपाची गोष्ट वेगळी आहे, कारण खान्देशात ते सहा महिने पातळ आणि थंडीत थिजलेले असते. थिजलेले तूप चमच्याने वाटीत भरले की मध्ये पोकळ्या राहतात, दाबून भरले तर जास्त जाते, शिवाय काठाच्या वर ढीग होतो तो वेगळाच. वरणबट्टीच्या पंगतीला तूप वाढताना हा फरक कोणी मोजत नाही, मोजूही नये. पण मांड्यांच्या कणकेला किंवा बेसनाच्या लाडवांना तो चांगलाच बाधतो. तूप नेहमी ग्रॅममध्ये लिहावे. थिजलेले असो की वितळलेले, दोनशे ग्रॅम तूप हे दोनशे ग्रॅमच राहते.

हवा मिसळलेल्या पदार्थांनाही लिटर हे माप लावू नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस मिक्सरमधून काढला की वर फेस येतो, आणि भांडे भरलेले दिसते तरी वजनाला हलके असते. अर्ध्या तासाने फेस बसला की रस कमी झाल्यासारखा वाटतो. घुसळलेले दही, फेटलेली साय आणि आंबून वर आलेले इडलीचे पीठ यांचेही तसेच. इडलीचे पीठ रात्री तीन लिटर होते आणि सकाळी पाच लिटर झाले, म्हणून इडल्या काही दुपटीला येत नाहीत.

मध, काकवी आणि पाक मोजताना वाटीला चिकटून राहणारा भाग लक्षात घ्यावा. मी वाटी वापरतच नाही. बरणीच काट्यावर ठेवून आकडा शून्य करतो आणि बरणीतून पातेल्यात ओतत जातो. उणे 210 आले की दीडशे मिलिलिटर मध पातेल्यात पोहोचला, आणि वाटी धुण्याचेही वाचले.

काट्याविषयी थोडे. मे महिन्यात तो कूलरच्या झोतात ठेवू नये. हवेने आकडे नाचत राहतात आणि शेवटी माणूस वैतागून मधलाच एखादा आकडा धरतो. तापलेले पातेले सरळ काट्यावर ठेवू नये, काटा बिघडतो. तेल फार बारीक धारेने ओतू नये, कारण स्वस्त काटे एक-एक ग्रॅमची संथ भर ओळखत नाहीत आणि दहा-बारा ग्रॅम न दाखवताच गिळतात. थोडे थबकून, हलकेच भांडे उचलून पुन्हा ठेवावे. दहा ग्रॅमच्या आतल्या गोष्टींसाठी, म्हणजे व्हिनेगर, इसेन्स किंवा खाण्याच्या रंगाचे पाणी यांसाठी, एक ग्रॅमचा काटा उपयोगाचा नाही. तिथे पाच मिलिलिटरचा चमचाच बरा. आपण सोन्याच्या बाजारपेठेच्या जिल्ह्यात राहतो, त्यामुळे मिलिग्रॅमचा काटा स्वयंपाकघरातही हवा असा मोह काहींना होतो, पण शंभर माणसांच्या रश्श्याला त्याची काही गरज नाही.

केक करणाऱ्यांनी याच संदर्भात कपाबद्दल विचारले होते. अमेरिकन कप सुमारे 237 मिलिलिटरचा आणि मेट्रिक कप 250 चा असतो, तर आपल्याकडच्या बाजारातले संच बहुधा 240 किंवा 250 चे निघतात. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा वीस मिलिलिटरचा आहे, बाकी बहुतेक ठिकाणी पंधराचा. कृती कुठली आहे ते आधी पाहावे, मग पाण्याने आपला कप तोलावा. बाकी रीत वर सांगितली तीच.

एका ठिकाणी मात्र मी वजनाचा आग्रह सोडतो, आणि ते म्हणजे रश्श्यातले पाणी. दहा माणसांच्या पातेल्यातून जितके पाणी वाफेने जाते, त्याच्या दहापट शंभर माणसांच्या पातेल्यातून जात नाही. पुन्हा तेच पातेल्याच्या तोंडाचे कारण. त्यातच वाटण किती बारीक आहे, झाकण ठेवले की नाही, भट्टी लाकडाची की गॅसची, यावर ते अवलंबून असते. मी हिशोबाच्या पाण्यातले ऐंशी टक्के आधी घालतो आणि उरलेले गरम करून बाजूला ठेवतो. शेव शेवटी पडते आणि तीही पाणी पिते, म्हणून वाढण्याच्या आधी दहा मिनिटे रस्सा पळीवरून कसा पडतो ते पाहून उरलेल्यातले घालतो.

ताईंनी पुढच्या ऑर्डरला तेल दोन किलोने सुरू करावे. फोडणी आणि वाटण परतायला त्यातले दीड किलो घ्यावे आणि अर्धा किलो राखून ठेवावे. वाटणाच्या कडेने तेल सुटू लागले की ते पुरले, नाही सुटले तर राखलेले घालावे. जे प्रत्यक्ष लागेल ते पातेल्याच्या मापासकट वहीत ग्रॅममध्ये लिहावे. आणि आईंची वाटी तोलताना तिच्या आतल्या बाजूला नीट पाहावे. माझ्या आईच्या वाटीत काठाच्या खाली बोटभर अंतरावर घासून घासून पुसट झालेली एक रेघ होती, आणि ती तेल त्या रेघेपर्यंतच घेत असे, हे मला कितीतरी वर्षांनी समजले.